गोळी आणि गाऱ्हाणं

आमच्या तालुक्यात एक ताई घराच्या ओसरीवर पिको-फॉलचं काम करतात. मशीनच्या मागे भिंतीला खिळे ठोकलेली फळी आहे आणि तिच्यावर दोऱ्याची शंभरेक रिळं. गिऱ्हाइकाने साडी उलगडली की त्यांचा हात न बघता नेमक्या रिळावर जायचा. त्यांना फुप्फुसाचा टीबी झाला. चौथ्या महिन्याच्या गोळ्या न्यायला त्या आल्या तेव्हा वजन सहा किलोंनी वाढलं होतं, खोकला थांबला होता, थुंकीत जंतू सापडत नव्हते. कार्ड भरता भरता मी सवयीने विचारलं, “काही त्रास?”

“तसा काही नाही, मॅडम.” पिशवी उचलताना त्या जरा थांबल्या. “गिऱ्हाईक तेवढं तुटायला लागलंय. परवा एक बाई साडी परत घेऊन आली. म्हणे, हिरव्या साडीला चॉकलेटी दोरा घातलाय.”

“मशीनवर मोठा बल्ब लावा,” मी म्हणाले. “आणि चष्म्याचा नंबर तपासून घ्या एकदा.” पुढचा रुग्ण आत आला.

रात्री ताटावर बसले असताना ते वाक्य पुन्हा कानात वाजलं आणि घास गिळवेना. हिरवा आणि चॉकलेटी. टीबीच्या चार मुख्य औषधांपैकी एक, इथॅम्ब्युटॉल, क्वचित कुणाच्या डोळ्याच्या नसेला इजा करतं. सुरुवात पुष्कळदा रंगांपासून होते. लाल आणि हिरवा फिके पडतात, एकमेकांत मिसळतात. मग नजर अंधूक होते. वेळेत औषध थांबवलं तर बहुतेकांची नजर परत येते, चालू राहिलं तर ती कायमची जाऊ शकते. हे मला पाठ होतं, नव्या सिस्टरांना मी ते शिकवतही होते. त्या ताईंनी मला लक्षण सांगितलं होतं, फक्त आपल्या धंद्याच्या भाषेत. मी ते धंद्याचं गाऱ्हाणं म्हणून ऐकलं आणि सोडून दिलं.

सकाळी आठ वाजता गावच्या आशा कार्यकर्तीला घेऊन त्या ताईंच्या ओसरीवर गेले. “या फळीवरची लाल रिळं काढा बरं,” म्हटलं. त्यांनी सहा काढली. त्यांतली दोन तपकिरी होती आणि एक गर्द हिरवं. त्याच दिवशी इथॅम्ब्युटॉल थांबवलं, त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं आणि उरलेल्या औषधांची घडी नव्याने बसवली. चारेक महिन्यांत रंग परतले. ते वाक्य मी आणखी एक महिना विसरले असते तर काय झालं असतं, या विचाराने आजही पोटात खड्डा पडतो. हे पुस्तक त्या रात्रीपासून सुरू झालं.

टीबी बरा होतो, गोळ्या रोज घ्या, कोर्स पूर्ण करा, हे आपण दवाखान्यांच्या भिंतींवर वर्षानुवर्षं लिहीत आलो आहोत, आणि त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. मात्र त्या गोळ्यांनीच काही झालं तर काय करायचं, हे त्या भिंतीवर नसतं. कारण विचारलं की एक ठरलेलं उत्तर मिळतं: “आधीच सांगितलं तर घाबरतील आणि गोळ्याच सोडतील.” मीही काही वर्षं हेच मानत होते. माझं मत बदललं ते एका शेतमजूर गृहस्थांच्या घरी. तिसरा महिना संपला तरी त्यांचा खोकला हटत नव्हता, म्हणून आम्ही घरी गेलो. त्यांच्या पत्नीने मान खाली घालून ज्वारीचा डबा पुढे सरकवला. दाण्यांच्या खाली गोळ्यांच्या पट्ट्या होत्या, जवळजवळ सगळ्या. पहिल्या दिवशी गोळ्या घेतल्यावर काही तासांत त्यांना लाल लघवी झाली. रक्त जातंय असं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून गोळ्या डब्यात. आम्हाला वाईट वाटू नये म्हणून दर महिन्याला नव्या पट्ट्या न्यायला मात्र ते न चुकता येत राहिले.

रिफॅम्पिसिन या औषधाने लघवी नारिंगी-लाल होते. घाम आणि अश्रूही थोडे रंगतात. त्यात धोका काही नाही. गोळी पोटात विरघळली, एवढाच त्याचा अर्थ. पहिल्या दिवशी हे एक वाक्य आम्ही बोललो असतो तर त्या माणसाचे तीन महिने वाचले असते आणि त्याच खोलीत झोपणाऱ्या दोन नातवंडांचा धोका टळला असता. आपण सांगितलं नाही म्हणून माणूस घाबरायचा राहत नाही. तो एकटाच घाबरतो, आणि एकट्याने घेतलेला निर्णय आपल्याला फार उशिरा कळतो. गोळीबद्दल आधी सांगणं आणि नंतर तिचं गाऱ्हाणं ऐकणं हा उपचाराचाच भाग आहे, गोळीइतकाच. या पुस्तकाला सांगायचं आहे ते एवढंच. बाकी सगळी पानं याच एका गोष्टीचा विस्तार आहेत.

औषधांचा हा त्रास आजचा नाही. क्षयाला औषधच नव्हतं तो काळही फार लांबचा नाही. रॉबर्ट कॉखने २४ मार्च १८८२ रोजी क्षयाचा जंतू जगापुढे मांडला. त्यानंतर पाच वर्षांच्या आत, फेब्रुवारी १८८७ मध्ये, अमेरिकेतून डॉक्टर होऊन परतलेल्या आनंदीबाई जोशी पुण्यात क्षयानेच गेल्या. वयाची बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. शत्रू कोण ते कळलं होतं, हातात शस्त्र नव्हतं. ते मिळायला १९४३ साल उजाडलं. सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झ यांना स्ट्रेप्टोमायसिन सापडलं, आणि त्याच्याबरोबर पहिला धडाही मिळाला: हे इंजेक्शन कानाच्या आतल्या भागाला बाधतं, तोल जातो, ऐकू येईनासं होतं.

‘१९८४’ या कादंबरीचे लेखक जॉर्ज ऑर्वेल यांची हकीकत या संदर्भात मला नेहमी आठवते. १९४८ च्या सुरुवातीला ते स्कॉटलंडमधल्या रुग्णालयात क्षयाने पडून होते. मित्रांच्या खटपटीने त्यांच्यासाठी अमेरिकेहून स्ट्रेप्टोमायसिन मागवलं गेलं. औषधाने प्रकृती सुधारायला लागली, पण अंगभर पुरळ आलं, कातडी सोलवटली, तोंडात आणि घशात फोड झाले, केस आणि नखं गळू लागली. डॉक्टरांना औषध थांबवावं लागलं. उरलेला साठा दुसऱ्या रुग्णांना दिला गेला. ऑर्वेल जानेवारी १९५० मध्ये गेले. औषध होतं, तज्ज्ञ होते, पैसाही उभा राहिला होता. कमी पडली ती बाधलेलं औषध हाताळण्याची विद्या. त्या वेळी ती जगात कुणाकडेच नव्हती. आज ती आहे, आणि म्हणूनच ती कपाटात ठेवून चालणार नाही.

पुढच्या वीसेक वर्षांत आयसोनियाझिड, पायराझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल आणि रिफॅम्पिसिन आली. ही चारच औषधं आजही साध्या टीबीच्या उपचाराचे चार खांब आहेत. याच काळात आपल्या देशात एक मोठी गोष्ट घडली. तोवर क्षयाचा रुग्ण म्हणजे सॅनेटोरियम. मिरजेजवळच्या वानलेसवाडीसारख्या ठिकाणी मोकळ्या हवेत महिनोन् महिने राहायचं, असा रिवाज होता. १९५६ साली मद्रासमध्ये क्षयाच्या औषधोपचाराचं संशोधन केंद्र सुरू झालं. तिथे काही रुग्णांना सॅनेटोरियममध्ये ठेवलं आणि काहींना शहरातल्या त्यांच्या स्वतःच्या दाटीवाटीच्या घरात तीच औषधं दिली. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: औषध नियमित घेतलं तर घरचा रुग्णही तितकाच बरा होतो, आणि घरातल्या माणसांना त्याने जास्त धोका होत नाही. या एका अभ्यासाने जगभरच्या क्षयोपचाराची दिशा बदलली.

त्याचे उपकार मोठे आहेत. लाखो माणसं घरदार न सोडता बरी झाली. पण एक गोष्ट त्या बदलात मागे राहिली. सॅनेटोरियममध्ये सकाळी खाटेशी सिस्टर यायची. डोळे पिवळे दिसतात का, काल रात्री जेवला का, पायऱ्या चढताना पाय लटपटतो का, हे ती रोज बघायची. उपचार घरी आला. सिस्टर घरी आली नाही. आता ती नजर घरातल्याच कुणाला तरी कमवायला हवी: बायकोला, सुनेला, कॉलेजात जाणाऱ्या मुलाला, शेजारच्या आशाताईंना. हे पुस्तक त्यांच्यासाठी आहे.

ही नजर कमवायची तर आधी आपली भाषा नीट ऐकावी लागते. रुग्ण ‘यकृताला सूज आली’ असं कधी म्हणत नाही. तो म्हणतो, “गोळ्या गरम पडतात.” किंवा म्हणतो, “पित्त झालंय.” हा ‘पित्त’ शब्द आम्हा डॉक्टरांना फार फसवतो. जळजळ आणि आंबट ढेकर म्हणजेही पित्त. अंगावर उठणाऱ्या लाल गांधी म्हणजेही पित्त. आणि चार दिवस अन्नावरची वासना उडून कोरड्या उलट्या होतात तेही पित्तच. पहिलं साधं आहे, दुसरं ॲलर्जी आहे, तिसरं काविळीची नांदी असू शकतं. म्हणून ‘पित्त’ ऐकलं की पुढचा प्रश्न हवाच: पित्त म्हणजे नेमकं काय होतंय? कधीपासून? जेवण जातंय का?

पुस्तकात सगळ्या त्रासांचे तीन कप्पे केले आहेत. पहिला कप्पा: सांगायचं, पण गोळी सोडायची नाही. नारिंगी लघवी यात येते. गोळ्या घेतल्यावरची थोडी मळमळ येते. अशा वेळी गोळ्या रिकाम्या पोटी घेण्याचा आग्रह सोडून थोड्या खाण्याबरोबर किंवा रात्री झोपताना, घोट घोट पाण्याने घेतल्या तरी बहुतेकांचं भागतं. ॲसिडिटीची पातळ औषधं मात्र टीबीच्या गोळ्यांच्या वेळीच घेऊ नयेत, कारण काही अँटासिडमुळे आयसोनियाझिड अंगी कमी लागतं. गुडघे, घोटे, खांदे दुखणं बहुधा पायराझिनामाइडमुळे असतं. ते औषध रक्तातलं युरिक ॲसिड वाढवतं. साध्या वेदनाशामकाने ते आटोक्यात येतं आणि पहिल्या दोन महिन्यांनंतर ते औषधच बंद होतं.

दुसरा कप्पा: या आठवड्यातच दवाखान्यात जायचं. तळपायाची आग, बोटांना मुंग्या, चप्पल पायातून निसटली तरी न कळणं, हे आयसोनियाझिडमुळे होतं. ते शरीरातल्या ‘ब-६’ जीवनसत्त्वाच्या आड येतं. ज्याला मधुमेह आहे, दारूची सवय आहे, एचआयव्ही आहे, जो मुळातच कुपोषित आहे, किंवा जी गरोदर आहे, तिला किंवा त्याला हा धोका जास्त. म्हणूनच गोळ्यांबरोबर ब-६ ची म्हणजे पायरिडॉक्सिनची छोटी गोळी दिली जाते. “ती तर नुसती ताकदीची गोळी आहे,” म्हणून पुष्कळजण ती बाजूला ठेवतात. ती ताकदीची नाही, नसांची राखण करणारी आहे. त्रास सुरू झाला तर तिचीच मात्रा डॉक्टर वाढवतात. पुरळ नसलेली अंगाची खाज आणि झोप उडणंही याच कप्प्यात येतं.

तिसरा कप्पा: गोळ्या आजच थांबवायच्या आणि आजच निघायचं. डोळे किंवा लघवी गडद पिवळी होणं, उलट्या न थांबणं. नजर किंवा रंग बदलणं. अंगावर पुरळ उठून ताप येणं, तोंडात, ओठांवर किंवा डोळ्यांत फोड येणं. कातडीखाली जांभळे ठिपके पडणं, हिरड्यांतून रक्त येणं. लघवी खूप कमी होणं. चेहरा सुजून धाप लागणं. फिट येणं किंवा माणूस अचानक भलतंच बोलू लागणं. या शेवटच्या लक्षणाला आपल्याकडे बाहेरची बाधा समजून देवऋषीकडे नेतात. आयसोनियाझिडने क्वचित असं होतं आणि ते वेळेवर आवरता येतं, हे घराला माहीत असेल तर माणूस योग्य दारात पोचेल.

थांबवण्याबाबतचा एक नियम मी ठळक अक्षरांत छापायला सांगितला आहे. थांबवायच्या तर सगळ्या गोळ्या थांबवा. मनाने त्यातली एखादीच गाळू नका. चार औषधं एकत्र देण्यामागे हिशेब आहे. एकाला न जुमानणारे जंतू दुसऱ्याने मारले जातात. सगळी औषधं चार-आठ दिवस थांबली तर बहुतेकांचं मोठं नुकसान होत नाही. एखादंच औषध अर्धंमुर्धं चालू ठेवलं तर जंतूंना त्याची सवय होते आणि मग ते औषध कायमचं हातचं जातं. धोक्याच्या लक्षणावर गोळ्या थांबवण्याचा अधिकार रुग्णाचा. पुन्हा काय, कधी, कोणत्या क्रमाने सुरू करायचं, हे काम डॉक्टरांचं.

काविळीवर या पुस्तकात सगळ्यात जास्त पानं खर्च केली आहेत, आणि ती मुद्दाम. रिफॅम्पिसिन, आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइड या तिन्ही औषधांचा भार यकृतावर पडतो. बहुधा पहिल्या दोन महिन्यांत हा त्रास दिसतो. दारू पिणारे, म्हातारी माणसं, कुपोषित माणसं आणि आधीच हिपॅटायटिस बी किंवा सी असलेले रुग्ण यांना धोका अधिक. डोळे पिवळे होण्याच्या बरेच दिवस आधी शरीर इशारा देतं: जेवण नकोसं होतं, चहाचाही वास सहन होत नाही, उजव्या बरगडीखाली जड वाटतं, काही न करता थकवा येतो.

या टप्प्यावर आपल्या गावांत काय होतं? आई किंवा सासू म्हणते, “कावीळ उतरवून घेऊ.” पहाटे उपाशीपोटी माणसाला नेतात. हाताला काही चोळून चुन्याच्या पाण्याने हात धुतात, परातीत पाणी पिवळं होतं, गळ्यात काविळीची माळ घालतात. रुग्णाला वाटतं, कावीळ उतरली. टीबीच्या गोळ्या मात्र तशाच चालू असतात, कारण “कोर्स मध्ये सोडायचा नाही” हे आम्हीच त्याच्या मनावर बिंबवलेलं असतं. माणूस माळ गळ्यात घालून रोज तीच गोळी गिळतो, जी त्याचं यकृत जाळते आहे. अशा रुग्णाला मी बेशुद्धावस्थेत आत येताना पाहिलं आहे. त्या कुटुंबाने दोन्ही गोष्टी निष्ठेने केल्या होत्या. आमची आणि त्यांची. कमी पडलं ते आमचं सांगणं. ‘कोर्स सोडू नका’ म्हणताना ‘डोळे पिवळे झाले तर त्या क्षणी थांबा’ हे दुसरं वाक्य आम्ही जोडलं नव्हतं.

बरं, कावीळ झाली म्हणजे टीबीचा उपचार संपला का? अजिबात नाही, आणि हे घरच्यांना समजावून सांगावं लागतं. रक्तातली यकृताची एन्झाइम्स तपासतात. लक्षणं असताना ती नेहमीच्या कमाल मर्यादेच्या तिपटीवर, किंवा लक्षणं नसतानाही पाचपटीवर गेली, तर यकृतावर भार टाकणारी औषधं थांबवतात. टीबी गंभीर असेल तर यकृताला न दुखवणारी दुसरी औषधं मधल्या काळात देतात. एन्झाइम्स दुपटीच्या खाली आली, मळमळ थांबली, की एकेक औषध काही दिवसांच्या अंतराने परत आणतात, प्रत्येक वेळी रक्त तपासून. पायराझिनामाइड त्यांत यकृताला सगळ्यात जड, म्हणून ते शेवटी आणतात किंवा वगळतातच. ते वगळलं की सहा महिन्यांचा उपचार सहसा नऊ महिन्यांचा होतो. तीन महिने वाढले, पण माणूस बरा होतो. “गोळ्या बाधल्या, आता माझ्यासाठी औषध नाही,” असं समजून घरी बसलेल्या प्रत्येकाला हे कुणीतरी सांगायला हवं.

काही त्रास एका गोळीने होत नाहीत, दोन गोळ्यांच्या भांडणातून होतात. रिफॅम्पिसिन यकृताला इतर औषधं झपाट्याने मोडून टाकायला लावतं. ‘माला-एन’सारख्या गर्भनिरोधक गोळ्यांचा त्यामुळे भरवसा राहत नाही, त्या काळात तांबी किंवा निरोध हवा. मधुमेहाच्या काही गोळ्या, रक्त पातळ ठेवणारं वॉर्फरिन, फिटची काही औषधं, एचआयव्हीची औषधं यांचा जोर कमी होतो आणि मात्रा बदलावी लागते. म्हणून पहिल्याच भेटीत घरातली सगळी औषधं, चूर्ण आणि काढ्यांसकट, पिशवीत घालून आणायची. किनारपट्टीवरच्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. आयसोनियाझिड चालू असताना नीट न राखलेली बांगड्यासारखी मासळी खाल्ली तर चेहरा लाल होणं, डोकं ठणकणं, छातीत धडधडणं असं होऊ शकतं. मासे सोडायचे नाहीत; प्रथिनांची गरज मोठी आहे. ताजे खायचे.

मात्राही जपायची असते. गोळ्या वजनावर ठरतात: ३५ ते ४९ किलोला रोज तीन, ५० ते ६४ किलोला चार. दवाखान्याचा काटा चुकला की मात्रा चुकते. इथॅम्ब्युटॉलची डोळ्यांना होणारी बाधा मात्रेवर आणि मूत्रपिंडाच्या ताकदीवर अवलंबून असते. पूर्वी ते औषध साध्या टीबीत पहिले दोनच महिने असायचं. आता रोजच्या गोळ्यांच्या पद्धतीत ते पूर्ण सहा महिने देतात, कारण आपल्याकडे आयसोनियाझिडला न जुमानणारे जंतू वाढले आहेत. निर्णय योग्यच आहे. त्याची दुसरी बाजू अशी की डोळ्यांकडे लक्ष ठेवण्याचा काळही आता सहा महिन्यांचा झाला.

औषधांना दाद न देणाऱ्या टीबीची प्रकरणं या पुस्तकाच्या उत्तरार्धात आहेत. तिथे औषधं अधिक आणि त्रासही अधिक कठीण. कितीतरी वर्षं या रुग्णांना महिनोन् महिने रोज कॅनामायसिनची इंजेक्शनं दिली गेली, आणि कित्येकांनी टीबीतून सुटताना कान गमावले. मुंबईच्या पत्रकार नंदिता वेंकटेशन यांची श्रवणशक्ती टीबीच्या औषधांनी गेली. दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांचीही अशीच. या दोघींनी २०१९ मध्ये बेडाक्विलिन या नव्या, तोंडाने घ्यायच्या औषधाच्या पेटंटची मुदत वाढवायला भारतात हरकत घेतली, आणि मार्च २०२३ मध्ये आपल्या पेटंट कार्यालयाने ती मुदतवाढ नाकारली. त्यामुळे इतर कंपन्यांना हे औषध स्वस्तात बनवायचा रस्ता मोकळा झाला. ज्यांनी स्वतः किंमत मोजली त्यांनी पुढच्यांची किंमत कमी केली. औषधाच्या त्रासाबद्दल बोलणं म्हणजे तक्रारखोरपणा, असं मानणाऱ्या प्रत्येकाने ही हकीकत वाचावी.

आता या टीबीचे उपचारही इंजेक्शनाशिवाय होतात आणि काही रुग्णांसाठी सहा महिन्यांवर आले आहेत. तरी लक्ष ठेवणं सुटलेलं नाही. बेडाक्विलिन हृदयाच्या ठोक्यांच्या विद्युत लयीवर परिणाम करू शकतं, म्हणून वेळोवेळी ईसीजी. लिनेझोलिड रक्त कमी करतं, पायांच्या आणि डोळ्यांच्या नसा दुखवतं. सायक्लोसेरिनने मन खचतं, जीव द्यावासा वाटतो. ते औषधाचं काम आहे, स्वभावाचं नाही, हे घरच्यांना ठाऊक असणं जीव वाचवणारं ठरतं. क्लोफाझिमिनने कातडी काळपट-तांबूस होते. महारोगाच्या उपचारातही हेच औषध वापरतात. एका कॉलेजच्या मुलीने मला सांगितलं होतं, “टीबी कुणाला दिसत नव्हता, डॉक्टर. गोळीने तो सगळ्यांना दिसायला लागला.” औषध संपल्यावर रंग हळूहळू निवळतो, पण त्याला महिने लागतात, कधी त्याहून जास्त. ते महिने तिने आरशासमोर कसे काढायचे, याची तयारी आधी करून द्यायला हवी.

रुग्णाचं गाऱ्हाणं त्याच्यापुरतं राहत नाही, हेही समजून घेऊ. थायोॲसिटाझोन हे स्वस्त औषध आपल्या जुन्या टीबी कार्यक्रमात सर्रास होतं. एचआयव्हीची साथ आली तेव्हा आफ्रिकेतल्या डॉक्टरांना दिसलं की एचआयव्हीबाधित रुग्णांची कातडी या औषधाने जळल्यासारखी सोलून निघते, काही दगावतातही. त्यांनी नोंदी ठेवल्या म्हणून १९९० च्या दशकात ते औषध मागे पडलं. आपल्याकडे २०१० पासून औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर डॉक्टरच काय, रुग्णसुद्धा कळवू शकतो. टीबीविषयी कोणत्याही शंकेसाठी सरकारी टीबी कार्यक्रमाच्या ‘निक्षय’ सेवेचा मोफत क्रमांक १८००-११-६६६६ आहे. दोन्ही क्रमांक मागच्या कव्हरवर मोठ्या अक्षरांत छापले आहेत.

आमच्या जुन्या रजिस्टरात गोळ्या सोडलेल्या माणसापुढे ‘डिफॉल्टर’ असं लिहीत. कर्ज बुडवणाऱ्याला लावतात तो शब्द. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये तो व्याख्यांतून काढून टाकला. बोलण्यातून तो अजून गेलेला नाही. ज्वारीच्या डब्यात गोळ्या ठेवणाऱ्या त्या गृहस्थांच्या नावापुढे मी स्वतः तो शब्द लिहिला होता. त्यांनी काय बुडवलं होतं? सांगायचं ऋण आमच्याकडे होतं आणि ते आम्ही फेडलं नव्हतं. पुढे त्यांनी उपचार नव्याने घेतले, पूर्ण केले, आणि आज ते शेतावर जातात.

हे पुस्तक कसं वापरावं, तेवढं सांगते. पहिली गोळी घेण्याआधी तीन कप्प्यांचं पान घरात मोठ्याने वाचा. रुग्णाबरोबर निदान आणखी एका माणसाने ते ऐकलेलं असावं. आशाताईंनी आणि सिस्टरांनी दर भेटीत ‘काही त्रास?’ एवढं विचारून थांबू नये. मीही तेवढ्यावरच थांबले होते. जेवण कसं जातंय, झोप कशी आहे, पाय कसे आहेत, हातातलं काम पूर्वीसारखं होतंय का, असं एकेक विचारावं. शिवणाऱ्याला सुई ओवता येते का, भाजीवालीला पिकलेला आणि कच्चा टोमॅटो ओळखू येतो का, ड्रायव्हरला सिग्नल दिसतो का. कामाचा प्रश्न विचारला की माणूस खरं उत्तर देतो.

शेवटची १२ पानं रेघा आखून कोरी ठेवली आहेत. तारीख, काय होतंय, कुणाला सांगितलं, त्यांनी काय केलं, असे चार रकाने आहेत. शुद्धलेखन बघू नका, वैद्यकीय शब्द शोधू नका, जसं वाटतं तसं लिहा आणि दवाखान्यात येताना वही उघडूनच आत या. कसं लिहायचं याचा नमुना म्हणून पहिली ओळ आम्ही भरून दिली आहे, त्या ताईंना विचारून, त्यांच्याच शब्दांत: “हिरव्या साडीला चॉकलेटी दोरा लागला.” तिसऱ्या रकान्यात लिहिलं आहे, ‘डॉक्टरांना.’ चौथा रकाना, ‘त्यांनी काय केलं’, त्या ओळीपुढे दोनदा भरलेला आहे. आधी ‘बल्ब बदला म्हणाल्या.’ आणि त्याच्याखाली, ‘दुसऱ्या दिवशी सकाळी घरी आल्या.’ तुमच्या वहीत तो रकाना पहिल्यांदाच नीट भरला जावा, यासाठी हे पुस्तक तुमच्या हाती देते आहे.